ताडोबाच्या जंगलात

आपण नाशिक जिल्ह्याची माणसे. पंचवटीचे नाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. रामकथेत तिथे दंडकारण्य होते असे सांगतात. अरण्य म्हणजे जंगल. आज पंचवटीत दुकाने आहेत, धर्मशाळा आहेत, मोटारींची गर्दी आहे. अरण्य आता फक्त नावात उरले आहे.

मग खरे अरण्य कसे असते? ते कुठे पाहायला मिळते? तिथे वाघ असतो, तर माणसे कशी राहतात? हे प्रश्न आमच्या घरातल्या मुलांनी विचारले. उत्तर पुस्तकात वाचता येते. पण डोळ्यांनी पाहिलेले जास्त दिवस लक्षात राहते. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे ताडोबाला जाऊन आलो. आजी, दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि आम्ही. तिथे काय पाहिले, काय शिकलो, ते या पाठात सांगतो.

ताडोबा कुठे आहे?

ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आपला जिल्हा महाराष्ट्राच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. ते महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान आहे.

उद्यान म्हणजे बाग, असे आपण म्हणतो. पण राष्ट्रीय उद्यान म्हणजे फुलझाडांची बाग नव्हे. ते राखलेले जंगल असते. तिथे झाड तोडायचे नाही. शिकार करायची नाही. गुरे चारायची नाहीत. जंगलाने आपल्या रीतीने जगावे, एवढ्यासाठी ती जमीन सोडून दिलेली असते.

ताडोबात शिकारीला १९३५ साली बंदी झाली. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते. चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पहिले उद्यान सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे होते. त्याला लागून १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले. अंधारी हे तिथल्या नदीचे नाव. १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

आज त्याचे दोन भाग आहेत. आतल्या भागाला गाभा म्हणतात. तो सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवती बाहेरचा पट्टा आहे. त्याला सगळे बफर म्हणतात. तो सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. बफरमध्ये जंगल आहे, शेती आहे आणि गावेही आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

निघण्याआधी

जंगलात वाटेल तेव्हा जाता येत नाही. दर दिवशी किती गाड्या आत सोडायच्या हे ठरलेले असते. म्हणून जागा आधी राखून ठेवावी लागते. ते काम वनखात्याच्या संकेतस्थळावर होते. ज्यांची नावे दिली, त्यांनीच जायचे. ओळखपत्र सोबत ठेवायचे. मंगळवारी गाभा बंद असतो. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंतही बंद असतो. त्या दिवसांत वाटा चिखलाच्या होतात आणि जंगलालाही विसावा मिळतो.

आम्ही मे महिना निवडला. मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन फार कडक. पण त्या दिवसांत लहान ओढे आटतात, आणि जनावरे पाणवठ्यावर येतात. म्हणून ती दिसण्याचा संभव जास्त. आजीसाठी डोक्याला बांधायला सुती पंचा, पाण्याचे दोन मोठे थर्मास, मीठ, साखर आणि लिंबे घेतली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या बांधून घेतल्या. कपडे खाकी आणि मातकट रंगाचे घेतले. लाल-पिवळे भडक कपडे जंगलात बरे नव्हेत. अत्तरही लावायचे नाही.

समृद्धीचा रस्ता

सिन्नर तालुक्यात गोंदे येथे आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. हा रस्ता नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत आहे. लांबी ७०१ किलोमीटर. तो दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.

पूर्वी आमच्या गावाहून चंद्रपूर म्हणजे दोन दिवसांची वाट होती. आता पहाटे निघाले तर दिवेलागणीला पोचता येते. पण या रस्त्यावर जपून जावे लागते. रस्ता सरळ, गुळगुळीत. गावे लागत नाहीत, वळणे कमी. अशा रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याचा डोळा लागतो. उन्हाने सडक तापते, आणि जुना टायर फुटतो. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मर्यादा आहे म्हणून तेवढे जोरात जायलाच हवे असे नाही. निघण्याआधी दादाने चारही टायर आणि स्टेपनी तपासून घेतली. दर दोन तासांनी आम्ही थांबलो. दादा आणि आम्ही आळीपाळीने गाडी चालवली. मोटारसायकल आणि रिक्षा यांना या रस्त्यावर येऊ देत नाहीत.

वाटेत काही ठिकाणी रस्त्याखालून मोठे बोगदे ठेवलेले आहेत, काही ठिकाणी रस्त्यावरून रुंद पूल बांधले आहेत. धाकट्याने विचारले, “एवढा मोठा पूल कोणासाठी? वर तर वाटच नाही.” ते पूल जनावरांसाठी आहेत. रस्त्याने जंगलाचे दोन तुकडे होतात. मग जनावराने पलीकडे जायचे कसे? त्यासाठी ही सोय.

जनावरे खरेच एवढी चालतात का? चालतात. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात वनखात्याने पट्टा बांधला होता. तो कुठे जातो हे त्या पट्ट्यावरून कळत होते. २०१९ साली तो चालत चालत तेलंगणात गेला, परत फिरला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला. शेतांतून गेला, ओढे ओलांडले, रस्ते ओलांडले. दिवसा दडून राहिला, रात्री चालला. तरुण वाघाला स्वतःची हद्द लागते. तिच्यासाठी तो एवढे हिंडतो.

वर्ध्याजवळ आम्ही समृद्धी सोडली. पुढे वरोरा लागले. बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेले आनंदवन इथलेच. मग भद्रावती आणि शेवटी मोहर्ली. मोहर्ली हे बफरमधले गाव. तिथे जंगलाचे एक दार आहे. रात्री आम्ही गावात एका घरगुती निवासात उतरलो.

दारावरचे नियम

पहाटे अंधारातच दारावर गेलो. आपली मोटार बाहेर ठेवायची. आत जायला उघडी जिप्सी गाडी मिळते. सोबत वाटाड्या असतो. त्याला सगळे गाईड म्हणतात. आमची गाईड बाई होती. मोहर्लीला बायकाही हे काम करतात. अंगात खाकी पोशाख, पायांत बूट. ती शेजारच्याच गावची.

आजीने तिच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “काय गं पोरी, रोज वाघाच्या रानात जातीस. भ्या नाही वाटत?”

ती हसून म्हणाली, “आजी, भीती आहेच. पण भीती आणि माहिती दोन्ही बरोबर असली, म्हणजे काम होते.”

मग तिने नियम सांगितले. गाडीतून उतरायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. काही खाऊन टाकायचे नाही. विडी-काडी पेटवायची नाही. मोबाइल दारावरच जमा करायचे.

हे नियम उगाच नाहीत. वाघ रोज गाडी पाहतो. गाडी म्हणजे एक मोठे, निरुपद्रवी जनावर असे तो समजतो. माणूस खाली उतरला की त्याचे समजणे बदलते. मे महिन्यात पाचोळा वाळून कोळ झालेला असतो. एका ठिणगीने कोसभर रान जळते. आणि मोबाइल असले की एकाने वाघ पाहिला, की दहा गाड्या तिथेच धावतात.

जंगलातली झाडे

आत शिरलो तेव्हा उजाडत होते. जंगल हिरवेगार असेल असे मुलांना वाटले होते. पण मे महिन्यात बहुतेक झाडे निष्पर्ण होती. थोरली म्हणाली, “सगळी झाडे मेली की काय?”

मेली नव्हती. हे पानझडी जंगल आहे. पानांतून पाण्याची वाफ होते. उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणून झाड पाने टाकून देते. जसा शहाणा माणूस दुष्काळात खर्च आवरतो, तसे ते आहे. पाऊस पडला की आठवड्याभरात सगळे हिरवे होते. पडलेल्या पाचोळ्याचे खत होते. तोच पाचोळा पावसाचे पाणी जमिनीत मुरवतो.

ताडोबात साग पुष्कळ. बांबूही पुष्कळ. ऐन, धावडा, बिजा, मोह, बेहडा, पळस ही झाडे आहेत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, खवल्यांची. ती जाड असल्यामुळे छोट्या वणव्यात झाड तगते. ऐन आपल्या खोडात पाणीही साठवतो. करूचे झाड अगदी पांढरे. चांदण्यात ते भुतासारखे दिसते, म्हणून त्याला भुताचे झाडही म्हणतात. त्याचा डिंक निघतो.

एका वळणावर गाईडने एक पान दाखवले. आजी एकदम म्हणाली, “अगं बाई, हे तर आपलं विडीचं पान!”

ते तेंदूचे झाड होते. आजीने सिन्नरला पंचवीस वर्षे विड्या वळल्या. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. हजार विड्यांवर मजुरी मिळायची. त्या मजुरीवर घर चालले, मुले शिकली. पण पान पोत्यातून यायचे, वाळलेले. ते झाडावर हिरवे कसे असते, हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले.

जंगल बोलते

पुढे गाईडने हात वर केला. गाडी थांबली. आम्हाला काहीच दिसेना. ती म्हणाली, “पाहू नका. ऐका.”

दूर झाडावर वानर ओरडले. घशातून खाकरल्यासारखा आवाज. मग चितळाने हाक दिली. चितळ म्हणजे ठिपक्यांचे हरीण. थोड्या वेळाने आणखी एक जड, ठोसर हाक आली. ती सांबराची. सांबर हे मोठे हरीण.

गाईडने हळू आवाजात समजावले. वानर उंच बसते. त्याला लांबचे दिसते. चितळ खाली चरते. वानर फळे-पाने खाली टाकते, ती चितळ खाते. चितळाला वास लवकर येतो. दोघे एकमेकांना सावध करतात. वानर कधी बिबट्याला पाहून ओरडते, कधी नुसती शंका आली म्हणूनही. “सांबर मात्र उगाच ओरडत नाही,” ती म्हणाली. “सांबर ओरडले, म्हणजे वाघ चालतो आहे.”

आम्ही पाणवठ्याजवळ थांबलो. उन्हाळ्यात वनखाते अशा पाणवठ्यांत पाणी सोडते. कुठे कुठे सौरऊर्जेवरचे पंप आहेत. पंधरा-वीस मिनिटे गेली. कोणी बोलले नाही.

मग बांबूतून वाघीण आली. काही घाई नाही. आमच्याकडे एकदा पाहिले आणि सोडून दिले. पाण्याशी आली, वळली आणि पाठमोरी होऊन पाण्यात बसली. वाघ पुष्कळदा असाच, शेपटीकडून पाण्यात उतरतो. तोंडावर पाणी उडालेले त्याला आवडत नाही. ती बसली, डोळे मिटले. धाकट्याने आजीचा पदर घट्ट धरला होता. दहा मिनिटांनी ती उठली आणि गेली. ज्या बांबूतून आली त्यातच गेली. पाने हललेलीही दिसली नाहीत.

वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. झाडाला कॅमेरे बांधून त्यांच्या फोटोंवरून वाघ मोजतात. २००६ सालच्या अंदाजात देशात १४११ वाघ होते. २०२२ साली तो आकडा ३६८२ झाला. महाराष्ट्रात २०२२ साली ४४४ वाघ होते. एका वाघाला आठवड्याला साधारण एक हरीण लागते. म्हणजे वाघ राहायचा तर हरणे हवीत. हरणे राहायची तर गवत हवे. गवताला पाणी हवे. वाघ दिसला, म्हणजे हे सगळे तिथे आहे असे समजावे.

तळे आणि तारू

जंगलाच्या मध्ये ताडोबा तळे आहे. त्यात मगरी आहेत. एक मगर काठावर आ वासून पडली होती. अंग थंड करायला ती तशी पडते. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली तारूचे ठाणे आहे. तारू हा गोंड लोकांचा पुढारी. वाघाशी झुंजताना तो इथे मेला, अशी कथा आहे. गोंड आदिवासी त्याला देव मानतात. पौष महिन्यात दर्शनाला येण्याची रीत आहे. तारूवरूनच ताडोबा हे नाव पडले असे सांगतात.

ही कथा विचार करण्यासारखी आहे. तारूला वाघाने मारले. पण लोकांनी त्या जागेला देवस्थान केले आणि रान राखले. वाघाचे भय आणि रानाचा मान या दोन्ही गोष्टी तिथे एकाच झाडाखाली आहेत.

इथले पाणी कुठे जाते? अंधारी नदी वैनगंगेला मिळते. जंगलाच्या कडेची इरई नदी वर्धेला मिळते. इरईवर धरण आहे. चंद्रपूरच्या मोठ्या वीजकेंद्राला त्या धरणाचे पाणी लागते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. हे ऐकून आजीने हात जोडले. आपली गोदामाई त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. या रानाचे पाणीही शेवटी तिच्यातच येते.

जंगलाकाठची माणसे

दुपारी गाईड आम्हाला भेटायला निवासावर आली. तिथे आजीने तिला मनातला प्रश्न विचारला.

“पोरी, वाघ राखला, चांगलं झालं. पण ज्याच्या घरचं माणूस वाघानं नेलं, त्यानं काय म्हणावं?”

गाईड थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी, आमच्या भागात असे घर शोधावे लागत नाही. मार्चमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला बाया जातात. मे महिन्यात तेंदूची पाने तोडायला जातात. फुले वेचताना, पाने तोडताना माणूस वाकलेला असतो. वाघाला तो माणूस वाटत नाही. चार पायांचे जनावर वाटते.”

आजी म्हणाली, “म्हणजे मी जी पानं वळली, ती अशी यायची.”

“हो,” ती म्हणाली. “पण आजी, ती पाने विकूनच आमच्या घरीही चूल पेटली.”

पुढे कोणी बोलले नाही. पण या दोन वाक्यांत पुष्कळ आहे. सिन्नरची विडी आणि चंद्रपूरचे रान यांत सहाशे किलोमीटर अंतर आहे. तरी दोन्हीकडच्या बायांचे पोट एकाच पानावर होते. जंगल दूर आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणता येत नाही.

गाभ्यातल्या काही गावांनी आपली जागा सोडली. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही त्यांपैकी गावे. तिथल्या लोकांना बाहेर जमिनी किंवा पैसे मिळाले. पण वाडवडलांचे घर, देव, मसणवट मागे राहिली. त्यांच्या रिकाम्या शेतांत आज गवत आहे, आणि त्या गवतात हरणे चरतात. आपण जे जंगल पाहतो, त्यात या लोकांचा त्यागही आहे. पाहणाऱ्याने तो विसरू नये.

मग उपाय काय? वाघ मारून टाकणे हा उपाय नव्हे. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. माणसांनी मरावे हाही उपाय नव्हे. तिथले लोक मधली वाट काढत आहेत. राज्य सरकारच्या जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून बफरमधल्या गावांना गॅस मिळू लागला. सरपणासाठी रानात जाणे कमी झाले. काही शेतांना सौरकुंपण झाले. फुले-पाने वेचायला बाया घोळक्याने जातात. एकजण उभी राहून लक्ष ठेवते. अगदी पहाटे आणि तिन्हीसांजेला जाऊ नये, असे सांगितले जाते. गावातली तरुण मुले वाघ दिसला की लोकांना सावध करतात आणि गर्दी आवरतात. गाईड, जिप्सीचालक, निवासवाले यांना पर्यटनातून काम मिळते. पण ते सगळ्यांना पुरत नाही, आणि मृत्यू थांबलेले नाहीत. हे काम अजून अपुरे आहे.

आपल्या उसातला बिबट्या

नाशिक जिल्ह्यात वाघ नाही. पण बिबट्या आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत तो उसात राहतो. उसात त्याला सावली मिळते, पाणी मिळते, दडायला जागा मिळते. गावातली कुत्री, शेळ्या, डुकरे हे त्याचे खाणे. बिबटी उसातच पिले घालते. म्हणजे चंद्रपूरच्या लोकांसमोर जो प्रश्न आहे, तोच आपल्या बांधावर आहे. त्या गाईडने शिकवलेल्या गोष्टी आपल्यालाही लागू आहेत.

१. बिबट्या आपल्या उंचीवरून जनावर ओळखतो. वाकलेला माणूस आणि लहान मूल त्याला सोपे सावज वाटते. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे अंगणात, ओट्यावर सोडू नये. शौचाला उघड्यावर बसू नये.

२. रात्री पाणी धरायला जाताना एकट्याने जाऊ नये. हातात विजेरी आणि काठी असावी. मोठ्याने बोलत जावे. मोबाइलवर गाणे लावावे.

३. शेळ्या-कोंबड्या उघड्यावर बांधू नयेत. चारी बाजूंनी आणि वरून बंद गोठा हवा. रात्री दार लावावे.

४. घराजवळ उष्टे, मेलेली कोंबडी टाकू नये. त्यावर कुत्री जमतात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

५. ऊसतोडीत पिले सापडली तर हात लावू नये. फोटो काढायला गर्दी करू नये. वनखात्याला कळवावे. ते पिलांना त्याच जागी ठेवतात. रात्री आई येऊन त्यांना नेते. पिले नेली तर बिबटी चिडते आणि त्या भागात हिंडत राहते.

६. बिबट्या दिसला तर पळू नये. पाठ दाखवू नये. उभे राहून, हात वर करून, मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरावे. त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. त्याला घेरू नये. गर्दीने कोंडलेला बिबट्या अंगावर येतो.

७. वनखात्याचा फोन १९२६ आहे. तो घरातल्या सगळ्यांना पाठ असावा.

८. जनावर मारले गेले तर ते हलवू नये, पुरू नये. ताबडतोब, दोन दिवसांच्या आत, वनखात्याला कळवावे. पंचनामा झाला म्हणजे भरपाई मिळते. पंचनाम्याचा कागद स्वतः वाचून मगच सही करावी. आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग इथे करावा.

समजून राहणे

ताडोबा सगळ्यांना पाहता येईलच असे नाही. प्रवास लांबचा आहे, खर्चही होतो. पण निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. तिथे हिवाळ्यात लांबलांबच्या देशांतून पाखरे येतात. त्या पाणथळ जागेची जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत नोंद झाल्याचे २०२० साली जाहीर झाले. ती महाराष्ट्रातली पहिलीच. एसटीने जाऊन एका दिवसात परत येता येते. मुलांना घेऊन जरूर जावे.

जंगलाची भीती बाळगून भागत नाही. जंगल संपवूनही भागत नाही. पाणी, पाऊस, सरपण, पान, फूल आपण त्याच्याकडूनच घेतो. त्यात राहणाऱ्या प्राण्यांच्या सवयी कळल्या, म्हणजे आपले जीव वाचतात आणि त्यांचेही वाचतात. भीतीच्या जोडीला माहिती हवी. ती मिळवायला वाचता आले पाहिजे, आणि वाचलेले शेजाऱ्याला सांगता आले पाहिजे.

शब्दांचे अर्थ

पानझडी – उन्हाळ्यात पाने गळणारे
पाणवठा – जनावरे पाणी पितात ती जागा
गाभा – अगदी आतला भाग
सावज – शिकारीचे जनावर
पाणथळ – जिथे पाणी साचून राहते अशी जमीन

वाचून झाल्यावर चर्चा करा

१. राष्ट्रीय उद्यान आणि साधी बाग यांत काय फरक आहे?
२. वाघ राहायचा तर आणखी काय काय राहायला हवे?
३. वाकलेल्या माणसावर वाघ का हल्ला करतो? तुमच्या शेतातली कोणती कामे वाकून करावी लागतात? त्या वेळी काय काळजी घ्याल?
४. तुमच्या गावात शेळ्यांचे गोठे रात्री बंद असतात का? नसतील तर ग्रामसभेत हा विषय कोण मांडील?
५. तुमच्या घरात येणारी कोणती वस्तू जंगलातून येते? ती कोण गोळा करते?